दलदलीतील पाऊलवाटा: प्रागैतिहासिक पर्यावरणबदल आणि मानवी हस्तक्षेप

प्रस्तावना

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस ब्रिस्टल खाडीलगत समरसेट लेव्हल्स हा सखल पाणथळ प्रदेश आहे. त्याच्या प्रागितिहासाचा आढावा ब्रायोनी कोल्स व जॉन कोल्स यांनी ‘स्वीट ट्रॅक टू ग्लॅस्टनबरी’ (१९८६) या ग्रंथात घेतला. भूदृश्य बदलले ते माणसामुळे की पाण्यामुळे, या प्रश्नाला ग्रंथातील पुराव्याने कितपत उत्तर मिळते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पुराव्याचे स्वरूप

हिमयुगानंतर वाढत्या समुद्राने या सखल भागात चिकणमातीचे थर साचवले. ही वाढ मंदावल्यावर तेथे प्रथम बोरूसारखी उंच गवते, नंतर ऑल्डर-बर्चची दलदली वने आणि अखेरीस स्फॅग्नम शेवाळाची उंचवट्याची दलदल निर्माण झाली. प्राणवायूअभावी वनस्पतींचे अवशेष न कुजता पीटच्या रूपाने साठत गेले. त्यामुळे इतरत्र नष्ट होणारे लाकूड येथे टिकले. १९७० मध्ये पीट खणणारे कामगार रे स्वीट यांना सापडलेली फळ्यांची पाऊलवाट हे त्याचे ठळक उदाहरण होय. पोल्डन टेकड्यांचा पायथा व वेस्टहे बेट यांना जोडणारी ही वाट सुमारे १,८०० मीटर लांब होती.

ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा तिच्या कालनिश्चितीचा आधार मुख्यतः कार्बन-१४ पद्धतीचा होता. १९९० मध्ये वृक्षवलयांवरून तिच्यासाठीची झाडे इ.स.पू. ३८०७-०६ च्या हिवाळ्यात व वसंतात तोडल्याचे निश्चित झाले. तिच्याच मार्गावरील आधीच्या ‘पोस्ट ट्रॅक’साठी इ.स.पू. ३८३८ हे वर्ष मिळाले.

प्रतिपादनाचे मूल्यमापन

ग्रंथाचे बलस्थान लाकडाच्या वाचनात आहे. स्वीट ट्रॅकच्या एका भागातील ओकच्या फळ्या सुमारे ४०० वर्षे वयाच्या वृक्षांच्या, तर दुसऱ्या भागातील बऱ्याच तरुण वृक्षांच्या आहेत. ही तरुण झाडे पूर्वी मोकळ्या झालेल्या जागी वाढली असावीत. वॉल्टन हीथ येथील हेझेलच्या विणलेल्या ताट्यांवरून बुंध्यापाशी झाड तोडून नवे फुटवे घेण्याची पद्धत सूचित होते. ही अनुमाने माणसाने हाताळलेल्या वस्तूंवर आधारित असल्याने ती भक्कम वाटतात.

परागकणांबाबत मात्र सावधगिरी आवश्यक आहे. एल्मच्या परागांत झालेली घट समरसेटपुरती मर्यादित नसून वायव्य युरोपात सर्वत्र आढळते. तिच्यामागे वृक्षरोगाचा वाटाही असू शकतो. शिवाय पराग विस्तृत परिसराचे सरासरी चित्र देतात, तर पाऊलवाट एका हंगामातील कृती दाखवते. या दोन भिन्न मापांची साक्ष एकाच कथनात ओवली की अनुमानाला पुराव्यापेक्षा अधिक वजन येते. वाट बांधणाऱ्यांची वस्तीही सापडलेली नाही. पीटखाणीत जे उघडे पडले तेच अभ्यासले गेल्याने कोरड्या उंचवट्यांवरील जीवन अंधारातच राहते.

या अडचणीची जाणीव लेखकांना होती. ‘अँटिक्विटी’मधील १९८३ च्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच माणूस की बीव्हर, असा प्रश्न होता. बीव्हरने कुरतडलेले लाकूड मानवी तोडीसारखे भासू शकते, ही कबुली या क्षेत्रातील मोठी पद्धतिशास्त्रीय जमेची बाजू मानावी लागेल.

माणसाने वने मोकळी केली. परंतु पाणथळीतील वाटा वाढत्या ओलीला दिलेला प्रतिसादही होत्या. म्हणून ‘माणूस की निसर्ग’ या प्रश्नापेक्षा ‘कोठे, किती काळ आणि कोणत्या पुराव्यावरून’ हे विचारणे अधिक फलदायी ठरते. ज्यांच्या परिसरात बांध, मानस व भरती-ओहोटी मिळून खाजणे घडतात, त्या कोकण-गोव्यातील अभ्यासकांनाही ही कसोटी उपयोगी पडेल.

समारोप

ज्या पीटखाणींनी हा पुरावा उघड केला, त्यांनीच तो नष्टही केला. पीट कोरडे पडले की लाकूड कुजते आणि परागांचीही झीज होते. शॅपविक हीथ अभयारण्यात वाटेचा काही भाग जमिनीखालीच ठेवून पाणी पंपाने पुरवून ओला राखला गेला. अन्य पाणथळ स्थळांना असे संरक्षण मिळाले नाही, तर प्रस्तुत ग्रंथाची फेरतपासणी करण्याचे साधनच उरणार नाही. पाणथळीचे रक्षण हा त्यामुळे केवळ पर्यावरणाचा नव्हे, तर इतिहासाच्या साधनांचाही प्रश्न आहे.