दारिद्र्य मोजणारा निर्देशांक आणि माणसे वगळणारी यादी : एक चिकित्सा

प्रस्तावना

राष्ट्रीय सरकार दारिद्र्याविरुद्धचे धोरण कसे आखते, हे समजून घेण्यासाठी तीन प्रश्न वेगळे करून विचारावे लागतात. गरीब कोणाला म्हणायचे? असे लोक किती आहेत? आणि मदतीच्या यादीत नेमकी कोणाची नावे येणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर व्याख्येतून मिळते, दुसऱ्याचे सर्वेक्षणातून आणि तिसऱ्याचे प्रशासनाकडून. पाठ्यपुस्तकात हे टप्पे एकामागून एक सरळ मांडलेले असतात. भारतात मात्र ते वेगवेगळ्या यंत्रणा, वेगवेगळ्या वर्षांची माहिती घेऊन पार पाडतात. त्यामुळे एका टप्प्यावर गरीब ठरलेला माणूस पुढच्या टप्प्यावर गरीब राहीलच असे नाही.

प्रस्तुत टिपणात नीती आयोगाच्या राष्ट्रीय बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकाची चिकित्सा केली आहे. हा निर्देशांक जुन्या दारिद्र्यरेषेपेक्षा चांगला आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. परंतु वंचना आणि सामाजिक वगळणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्देशांक पहिली मोजतो. दुसरी त्याच्या चौकटीत येत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हा विषय परका मानू नये. मोजमाप, उंबरठा आणि त्रुटी हे शब्द त्यांच्या प्रयोगशाळेतलेच आहेत.

१. रेषेचा प्रवास

१९६२ साली एका कार्यगटाने १९६०-६१ च्या किमतींनुसार दरमहा माणशी २० रुपये हा किमान खर्च सुचवला. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दररोज २२५० उष्मांक पुरवणारा आहार हा आधार धरून गरिबांची संख्या काढली. १९७९ च्या अलघ कार्यदलाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० उष्मांक धरले. १९९३ च्या लकडावाला गटाने राज्यनिहाय रेषा दिल्या. २००९ मध्ये तेंडुलकर समितीने उष्मांकांचा थेट आधार सोडून शिक्षण व आरोग्यावरचा खर्चही विचारात घेतला.

तेंडुलकर पद्धतीने २०११-१२ साठी रेषा आली दरमहा माणशी ८१६ रुपये ग्रामीण आणि १००० रुपये शहरी. गरिबांचे प्रमाण २१.९ टक्के. २०१४ मध्ये रंगराजन गटाने त्याच वर्षासाठी ९७२ आणि १४०७ रुपये अशी रेषा सुचवली, प्रमाण २९.५ टक्के झाले. दोन्ही आकड्यांत ९ कोटींहून अधिक माणसांचा फरक आहे. वर्ष तेच, देश तोच. फक्त पट्टी बदलली. यानंतर सरकारने नवी अधिकृत रेषा जाहीर केलेली नाही. २०१७-१८ च्या उपभोग खर्च सर्वेक्षणाचे निष्कर्षही गुणवत्तेचे कारण देऊन प्रसिद्ध केले गेले नाहीत. ही मोकळी जागा बहुआयामी निर्देशांकाने भरली.

२. निर्देशांकाची रचना

निर्देशांकात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान हे तीन आयाम आहेत. प्रत्येकाला एक तृतीयांश भार आहे. एकूण निर्देशक १२.

आरोग्य : पोषण (१/६), बाल व किशोर मृत्यू (१/१२), माता आरोग्य (१/१२).
शिक्षण : शालेय शिक्षणाची वर्षे (१/६), शाळेतील उपस्थिती (१/६).
राहणीमान : स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, पिण्याचे पाणी, वीज, घर, मालमत्ता, बँक खाते (प्रत्येकी १/२१).

एखाद्या कुटुंबाच्या वंचनांच्या भारांची बेरीज एक तृतीयांश किंवा अधिक झाली, तर त्या कुटुंबातील सर्व माणसे बहुआयामी गरीब धरली जातात. माहिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून घेतली जाते. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीनुसार हे प्रमाण २४.८५ टक्के होते, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार १४.९६ टक्के.

या रचनेचे गुण स्पष्ट आहेत. रुपयांत न दिसणारे अभाव इथे दिसतात. जिल्हानिहाय आकडे मिळतात, त्यामुळे कोणत्या जिल्ह्यात पोषण मागे आहे आणि कुठे शाळा, हे कळते. गरीब किती आहेत याबरोबर ते किती खोल वंचनेत आहेत, हेही मोजले जाते.

एक इशारा मात्र नोंदवला पाहिजे. जानेवारी २०२४ च्या चर्चापत्रात २०१३-१४ मधील २९.१७ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ११.२८ टक्के, म्हणजे २४.८२ कोटी लोक दारिद्र्यातून बाहेर, असा दावा आहे. या दोन्ही वर्षांचे प्रत्यक्ष सर्वेक्षण उपलब्ध नाही. आधीच्या फेऱ्यांमधील घटीचा वेग पुढे-मागे ताणून ते आकडे काढले आहेत. पाचव्या फेरीतील माहितीचा मोठा भाग तर २०२० च्या टाळेबंदीपूर्वी गोळा झाला होता. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने वाचन घेतलेल्या बिंदूंच्या पलीकडे आलेख वाढवला, तर आपण त्याला ती रेघ तुटक काढायला सांगतो. इथे ती ठळक काढली आहे.

३. कागदावर एक कुटुंब

आता एक काल्पनिक कुटुंब घेऊन बेरीज करू. सत्तर वर्षांच्या एक आजी एकट्याच राहतात. त्या विधवा आहेत, शाळेत कधी गेल्या नाहीत. एका खोलीचे कच्चे घर, चूल लाकडाची, मालमत्तेत एक साधा मोबाइल. वीज आहे, जवळ नळ आहे, शौचालय बांधून मिळाले आहे आणि पेन्शनसाठी बँक खाते उघडले आहे. आजी दिवसातून एकदाच जेवतात.

पोषणाच्या निर्देशकात ५ वर्षांखालील बालके, १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया आणि १५ ते ५४ वयाचे पुरुष मोजले जातात. आजी या वयोगटात नाहीत, म्हणून त्या वंचित नाहीत. बालमृत्यू व माता आरोग्य लागू नाही, तिथेही शून्य. घरात शाळेच्या वयाचे मूल नाही, उपस्थितीतही शून्य. सहा वर्षे शिकलेले कोणी नाही, म्हणून १/६, म्हणजे १६.६७ टक्के. इंधन, घर आणि मालमत्ता मिळून ३/२१, म्हणजे १४.२९ टक्के. बेरीज ३०.९५ टक्के. उंबरठा ३३.३३. निर्देशांकाच्या लेखी आजी गरीब नाहीत.

बँक खाते नसते तर बेरीज ३५.७१ झाली असती आणि त्या गरिबांत मोजल्या गेल्या असत्या. खाते उघडल्याने त्यांचे जेवण वाढले नाही. देशाच्या आकड्यातून एक गरीब मात्र कमी झाला.

याच आजी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेत कशा दिसतील? तिथे ग्रामीण कुटुंबांसाठी वंचनेचे सात निकष होते. एका खोलीचे कच्चे घर, १६ ते ५९ वयाचा प्रौढ सदस्य नसणे, तशा वयाच्या पुरुषाशिवाय स्त्री कुटुंबप्रमुख असणे आणि २५ वर्षांवरील साक्षर प्रौढ नसणे, असे सातांपैकी चार निकष त्या पूर्ण करतात. एकाच राज्यसंस्थेच्या दोन साधनांपैकी एक त्यांना अतिवंचित म्हणते, दुसरे गरीबही म्हणत नाही.

निर्देशांक व्यक्ती निवडण्यासाठी नसून कल पाहण्यासाठी आहे, असे उत्तर यावर दिले जाईल. ते बरोबर आहे. परंतु कल ज्या मोजणीतून निघतो, तिच्यात एकटे वृद्ध पद्धतशीरपणे कमी धरले जात असतील, तर ही यादृच्छिक त्रुटी राहत नाही. ती उपकरणातली त्रुटी ठरते, आणि नमुना मोठा केल्याने ती कमी होत नाही.

४. आकड्याकडून यादीकडे

धोरण माणसापर्यंत पोहोचते ते यादीतून. २००२ च्या बीपीएल सर्वेक्षणात १३ निर्देशकांवर ० ते ४ असे गुण देऊन कुटुंबांची क्रमवारी लावली गेली. मात्र राज्याने किती कुटुंबे निवडायची, ही मर्यादा नियोजन आयोगाच्या अंदाजाने बांधली होती. म्हणजे गावात गरीब किती, हे गावात मोजण्याआधीच दिल्लीत ठरले होते. जागा संपल्या की पुढचे कुटुंब बाहेर.

२०११ च्या जनगणनेत आधी १४ निकषांवर कुटुंबे आपोआप वगळली गेली आणि मगच उरलेल्यांची वंचना पाहिली गेली. दुचाकी, फ्रीज किंवा लँडलाइन फोन असणे हीही त्यात वगळण्याची कारणे होती. अपंग कुटुंबप्रमुखाच्या घरात मुलाने कर्जावर घेतलेली जुनी दुचाकी असेल, तर बाकीचे निकष पाहण्याची वेळच येत नाही. ग्रामीण घरकुल योजनेने हीच चाळणी वापरली. पुढे २०२४ मध्ये निकष शिथिल करताना दुचाकीची अट काढण्यात आली. मधल्या काळात त्या अटीवर किती पात्र कुटुंबे बाहेर राहिली, हा प्रश्न कोणत्याही निर्देशांकाचा विषय नव्हता.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ग्रामीण भागात ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागात ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला धान्याचा हक्क दिला. व्याप्ती मोठी असल्याने बाहेर राहणाऱ्यांचे प्रमाण घटले, हे या कायद्याचे मोठे यश. पण संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली, सुमारे ८१.३५ कोटी. २०२१ ची जनगणना झाली नाही, आणि लोकसंख्या वाढली तरी राज्यांचा कोटा तोच राहिला. स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये केंद्राला ही संख्या नव्याने ठरवण्याबाबत सांगावे लागले. शिधापत्रिकेसाठी गेलेल्या माणसाला ‘कोटा संपला’ असे उत्तर मिळते, तेव्हा त्याची पात्रता कोणी नाकारलेली नसते. त्याच्यासाठी जागाच धरलेली नसते.

५. वगळणूक म्हणजे काय?

वंचना ही स्थिती आहे : घर नाही, शिक्षण नाही. वगळणूक ही क्रिया आहे : कोणता तरी नियम, रूढी किंवा कार्यालय माणसाला बाहेर ठेवते. युरोपात ही संज्ञा १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये रुजली. २००० च्या लिस्बन बैठकीनंतर युरोपीय संघाच्या सदस्य देशांनी सामाजिक समावेशनाचे राष्ट्रीय कृती आराखडे करायला सुरुवात केली. ‘युरोप २०२०’ या धोरणात तीन कसोट्या होत्या : देशातील मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्क्यांहून कमी उत्पन्न, तीव्र भौतिक वंचना, आणि घरात रोजगाराचे अत्यल्प प्रमाण. तिन्हींपैकी एकही लागू झाली, तरी माणूस जोखमीत मोजला जातो.

तर्कद्वारांच्या भाषेत सांगायचे, तर युरोपची मोजणी ‘किंवा’ द्वार आहे आणि आपली मोजणी भारित बेरजेचे उंबरठा-द्वार. पहिल्यात एक अभाव दुसऱ्या सोयीने झाकला जात नाही. युरोपचे माप जसेच्या तसे इथे आणावे, असा याचा अर्थ नाही. २०२० पर्यंत २ कोटी लोकांना जोखमीबाहेर काढण्याचे त्यांचे उद्दिष्टही पूर्ण झाले नाही, आणि भेदभाव तिन्ही कसोट्यांत थेट मोजला जात नाहीच. तरी उंबरठा कुठे ठेवायचा आणि भार कसे वाटायचे, हे गणिताने ठरत नाही. ते धोरणकर्त्याने ठरवलेले असते, एवढे या तुलनेतून दिसते.

६. यादीशिवायची वाट

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने वेगळा मार्ग घेतला होता. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेल्या आणि १९७० च्या दशकातील दुष्काळात वाढलेल्या या योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप दिले. गरीब कोण हे ठरवण्याची गरजच तिथे ठेवली नाही. जो अंगमेहनतीचे काम मागेल, त्याला ते द्यायचे. २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा याच कल्पनेवर उभा राहिला. मागणीनंतर १५ दिवसांत काम नाही मिळाले तर बेरोजगार भत्ता, आणि कामांचे सामाजिक अंकेक्षण, या तरतुदी त्यात होत्या. अंमलबजावणीत मजुरी उशिरा मिळण्यापासून अनेक दोष राहिले. पण चूक झाल्यास भत्ता देण्याची जबाबदारी सरकारवर होती, आणि हा फरक मूलभूत आहे. या मार्गाची मर्यादाही आहे : आपल्या उदाहरणातील आजी खडी फोडायला जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पुरेशी आणि वेळेवर येणारी पेन्शनच लागते.

समारोप

निर्देशांक टाकून द्यावा, असे या चिकित्सेचे म्हणणे नाही. त्यात तीन गोष्टींची भर घातली जावी. पहिली, एकटे वृद्ध, अपंग आणि बेघर यांची स्वतंत्र मोजणी. दुसरी, प्रत्येक योजनेने पात्र असूनही बाहेर राहिलेल्यांचे प्रमाण दरवर्षी जाहीर करणे. अपात्र लाभार्थी शोधण्यासाठी मोहिमा निघतात. सुटलेले पात्र शोधण्यासाठीही त्या निघाल्या पाहिजेत. तिसरी, यादीत नाव नसलेल्या माणसाला लेखी कारण आणि अपिलाची ठरलेली मुदत मिळणे. दारिद्र्य किती टक्के घटले, हे सांगणाऱ्या सरकारने आपल्याच नियमांमुळे कितीजण बाहेर राहिले, हेही सांगितले पाहिजे.

विचारासाठी प्रश्न

१. उदाहरणातील आजींच्या घरी शालेय वयाची, शाळेत न जाणारी नात राहायला आली, तर बेरीज किती होईल? त्यावरून निर्देशांकाबद्दल काय कळते?
२. पात्र माणूस बाहेर राहणे आणि अपात्र माणूस आत येणे, यांपैकी कोणती त्रुटी अधिक गंभीर? धान्य आणि घरकुल या दोन्ही योजनांसाठी उत्तर एकच असेल का?
३. आपल्या गावातील किंवा प्रभागातील एका योजनेचे निकष मिळवा आणि त्यांतील एका निकषामुळे कोण बाहेर राहू शकते, ते लिहा.