भिंतीतले डबे : एक समीक्षा

भिंतीवर टांगलेल्या चित्रांवर टीकाकारांनी आजवर रीमच्या रीम खर्ची घातले. भिंतीत पुरलेल्या डब्यांवर मात्र एकही ओळ माझ्या वाचनात नाही. डबे म्हणजे विजेच्या बोर्डामागचे लोखंडी बॉक्स. आमच्या नगरच्या घराची (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, जिभेवर अजून नगरच) दुरुस्ती निघाली आणि असल्या २७ कलाकृती जवळून पाहायला मिळाल्या.

आधी रचना. दिवाणखान्यातला डबा असा कलला होता की, शेजारचा आजोबांचा फोटोच वाकडा आहे असं वाटून पाहुणे तो सरळ करायला उठत. वायरमनला ओळंबा दाखवला. तो म्हणाला, "काका, प्लेट बसली की कोणाला दिसतंय?" यालाच मी प्लेटवाद म्हणतो. आपल्याकडे तो केवळ वायरिंगपुरता नाही, पण ते असो.

मग खोली. वाङ्मयात खोली हा गुण. इथं तो दोष. डब्याची कड गिलाव्याच्या पृष्ठभागाशी बरोबर सपाट यायला हवी. पण डबा बसतो गिलाव्याआधी, आणि गिलावा किती जाड होणार हे गवंड्यालाही थापी उचलेपर्यंत ठाऊक नसतं. मग डबा पाऊण इंच आत, स्क्रू लांबलचक आणि प्लेट अधांतरी. इस्त्रीची पिन उपसली की प्लेटही सोबत निघते. आतली तार सैल होते, सैल तार तापते, आणि तापलेली तार काय करते ते विनोदी लेखात सांगण्यासारखं नाही.

त्यातून आमची भिंत जुन्या वाड्याची, दगड आणि पांढऱ्या मातीची. तिच्यात भोक मोठं पाडावं, माती झाडून पाणी मारावं, डबा चारी बाजूंनी सिमेंटात ठासावा आणि आत कागदाचा बोळा कोंबावा, म्हणजे मसाला स्क्रूच्या आट्यांत शिरत नाही. आमच्याकडे दोन खिळे आणि चिमूटभर प्लॅस्टर! ज्या गावात निजामशाहीत जमिनीखालून खापरी नळांनी पाणी आणलं, तिथं हे कन्सील्ड काम.

राहिली अर्थिंगची हिरवी तार. तीन पिनांतली वरची पिन जाड आणि लांब असते. मुलीच्या मामासारखी ती मांडवात सगळ्यांआधी येते आणि सगळ्यांनंतर जाते. पण तार डब्यालाही जोडायला हवी. जोडली असेल तर वीज डब्याला शिवताच ब्रेकर पडतो. नसेल तर डबा गुमान जिवंत राहतो आणि कुणाच्या तरी बोटाची वाट पाहतो. आमच्या नऊ डब्यांत ती नुसतीच सुबक गुंडाळी करून ठेवलेली होती. त्यांतला एक ओट्यामागचा. तिथं आई ओल्या हातानं मिक्सर लावते.

तो डबा तिसऱ्यांदा उपसून बसवला गेला. ओळंबा लागला, कड गिलाव्याशी आली, आणि वायरमन प्लेट घेऊन पुढं झाला.

"थांब बाळा," मागून आई म्हणाली, "आधी ती हिरवी तार दाखव."