टाकीतला समुद्र आणि डहाणूचा समुद्र: ‘डायनॅमिक अक्वेरिया’ वाचताना

“घरात मोठं रीफ अक्वेरियम करायचंय, एखादं चांगलं पुस्तक सांग.” हा प्रश्न मला अधूनमधून येतो. पूर्वी विचारणारे मुंबई-ठाण्याचे असायचे, आता डहाणू-बोर्डीकडूनही विचारतात. चिकूच्या वाडीत घर, हॉलमध्ये सहा फुटी काच, आत रंगीत प्रवाळ, असा बेत असतो.

माझं उत्तर ठरलेलं आहे. वॉल्टर एडी आणि कॅरन लव्हलंड यांचं ‘डायनॅमिक अक्वेरिया’ वाचा. पहिली आवृत्ती १९९१ची, तिसरी २००७ची. एडी हे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेतले, सागरी शैवालांवर काम करणारे शास्त्रज्ञ. पण नुसतं नाव सांगून मोकळं होणं बरोबर नाही. पुस्तक मोठ्या ताकदीचं आहे, आणि त्यातली एक गफलतही तेवढीच मोठी आहे. डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला ती गफलत कळणं टाकी बांधण्यापेक्षा जास्त गरजेचं आहे, असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

पुस्तकाची ताकद

अक्वेरियमची बहुतेक पुस्तकं यंत्रांपासून सुरू होतात: कुठला पंप, कुठला दिवा, कुठला फिल्टर. एडी उलटीकडून सुरू करतात. ते विचारतात, खऱ्या प्रवाळभित्तीवर प्रकाश किती पडतो? लाट किती वेळाने येते? पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? आधी ही भौतिक परिस्थिती उभी करा, मग जीव सोडा.

त्यांचा सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे शैवालाची चाळण. जाळीवर बारीक शैवाल वाढू द्यायचं, त्यावरून पाणी लाटेसारखं हेलकावत सोडायचं, वर दिवा लावायचा. शैवाल पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस खाऊन वाढतं. दर काही दिवसांनी ते खरवडून काढायचं, म्हणजे घाण टाकीबाहेर गेली. हा दिवा टाकीतल्या रात्री लावला, तर सगळे जीव श्वास घेत असताना शैवाल ऑक्सिजन सोडत राहतं. साधी, सुंदर कल्पना.

घरोघरी मात्र चालली ती जर्मन पद्धत, म्हणजे ‘बर्लिन पद्धत’. त्यात जिवाणू-किडे असलेले समुद्रातले दगड, भरपूर प्रकाश आणि प्रोटीन स्किमर असतो. स्किमर पाण्यात बारीक बुडबुडे सोडून फेसाबरोबर सेंद्रिय घाण बाहेर काढतो. एडींना स्किमर आवडत नाही, कारण फेसाबरोबर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीवही जातात. नेहमीच्या पंपाच्या फिरत्या पात्यांवरही त्यांचा तोच राग. “पाणी स्वच्छ झालं” यावर समाधान न मानता “पाण्यातलं काय मेलं?” असं विचारणारा टाकीवाला मला दुसरा माहीत नाही.

एक छोटा हिशोब

तुमच्या बेतातलीच टाकी घेऊ. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच. म्हणजे ३० घनफूट, साधारण ८५० लिटर. नुसतं पाणीच ८५० किलोच्या वर. दगड, वाळू, काच धरली तर टनाच्या पुढे. पहिल्यांदा भरायला सुमारे ३० किलो मीठ लागेल, तेही खास बनवलेलं सागरी मीठ. स्वयंपाकघरातलं चालत नाही.

प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन आपला सांगाडा बांधतो. त्यामुळे पाण्याची क्षारता उतरते. शौकीन लोक ती ‘डीकेएच’मध्ये मोजतात. ८५० लिटरच्या टाकीत क्षारता रोज एक डीकेएचने उतरत असेल, तर त्याचा अर्थ प्रवाळ रोज १५ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम कार्बोनेट सांगाड्यात घालतायत. वर्षाला साडेपाच किलो. हे साडेपाच किलो तुम्हाला बाटलीतून, डब्यातून, मोजून परत टाकावं लागतं. तापमान २५-२७ अंशांवर राहावं म्हणून मे महिन्यात चिलर. उडून गेलेल्या पाण्याइतकं गोडं पाणी रोज. वीज गेली तर बॅटरीवरचा पंप.

थोडक्यात, टाकीच्या सामानाची यादी म्हणजे समुद्र फुकटात काय काय करतो त्याची यादी. एडींचं पुस्तक ही यादी इतकी नीट वाचायला शिकवतं की फक्त तेवढ्यासाठीसुद्धा ते घ्यावं.

गफलत कुठे आहे

पुस्तकाच्या उपशीर्षकातच दावा आहे: जिवंत परिसंस्था बांधणं. एडींच्या मते नीट बांधलेली टाकी हा परिसंस्थेचा छोटा नमुना असतो. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये प्रसिद्ध केलेला एक शोधनिबंध इथे महत्त्वाचा आहे. पाच चौरस मीटरची कॅरिबियन प्रवाळभित्तीची टाकी, सात वर्षं चालवलेली, बाहेरून नवा जीव येऊ न देता. त्यात त्यांनी २७ संघांतल्या ५३४ प्रजाती मोजल्या. आकडा थक्क करणारा आहे. माझ्या मते टाकीवर झालेल्या सगळ्यात चिकाटीच्या कामांपैकी हे एक.

पण पुढे त्यांनी या टाकीवरून जगभरच्या प्रवाळभित्तींमधल्या प्रजातींचा अंदाज बांधला. इथे थांबायला हवं होतं.

का ते सांगते. क्षेत्र वाढलं की प्रजाती वाढतात, पण त्याच प्रमाणात नाही. हे वाढणं एका घातांकावर ठरतं. समजा, पाच चौरस मीटरवरून आपण एक लाख पट मोठ्या, म्हणजे ५० हेक्टरच्या भित्तीकडे निघालो. घातांक ०.२ धरला तर प्रजाती दहापट होतात: ५,३४०. घातांक ०.३ धरला तर सुमारे ३२ पट: जवळपास १७,०००. दशांश चिन्हानंतरचा एक आकडा बदलला आणि उत्तर तिपटीने बदललं! आणि नमुना किती? टाकी एकच. एका टाकीवरून घातांक ठरत नाही.

याहून खोल मुद्दा वेगळाच आहे. ‘बाहेरून काही येऊ दिलं नाही’ ही गोष्ट तिथे गुण म्हणून येते. समुद्रात तोच मृत्यू असतो. आपल्याकडची उदाहरणं घ्या. शेवंडीची पिल्लं उघड्या समुद्रात कित्येक महिने तरंगतात, मग खडकांकडे येतात. कोळंबी समुद्रात अंडी घालते आणि तिची पिल्लं वाढायला खाडीत येतात. अशा जिवांसाठी जागा म्हणजे एक ठिकाण नसतं, एक रस्ता असतो. टाकीत रस्ता मावत नाही. म्हणून सात वर्षांनी मोजलेल्या ५३४ प्रजाती म्हणजे रस्त्याशिवाय जगू शकणाऱ्या प्रजाती. उरलेल्या यादीत आल्याच नाहीत, आणि यादीत नाहीत म्हणून त्यांची आठवणही होत नाही.

एडींच्या बाजूनेही बोलायला हवं. ॲरिझोनातल्या ‘बायोस्फियर २’च्या समुद्राच्या आखणीत त्यांचा हात होता. सुमारे २६ लाख लिटरचा तो समुद्र बंद घरात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे आम्ल होत गेला आणि त्याला रसायनांचा आधार द्यावा लागला. टीका खूप झाली. पण पुढे त्याच पाण्यात ख्रिस लँगडन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पाण्यातलं कार्बोनेट घटलं की प्रवाळाचं सांगाडा बांधणं मंदावतं. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात ऋतूप्रमाणे तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्रप्रकाश यांची नक्कल केल्यावर प्रवाळांनी टाकीत अंडी सोडली. म्हणजे ‘आधी परिस्थिती उभी करा’ हे एडींचं सूत्र खरंच आहे. टाकी एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर उत्तम देते. “समुद्र म्हणजे काय?” हा नेमका प्रश्न नाही.

डहाणूत याचा काय संबंध?

आपला समुद्र पोस्टकार्डावरचा नाही. खंभातच्या आखाताच्या जवळचा, गाळाने गढूळ, मोठ्या भरती-ओहोटीचा. झाईपासून डहाणूपर्यंत मच्छीमाराचं कॅलेंडर उधाण आणि भांग यांवर चालतं. डोल जाळं तर माशाच्या मागे धावतच नाही. ते बांधून ठेवायचं आणि प्रवाहाने मासा आणून द्यायचा. हा प्रवाह कुठल्याही प्रजातीच्या यादीत येत नाही.

आता वाढवण बंदराकडे पाहा. ३० ऑगस्ट २०२४ला भूमिपूजन झालं, खर्च ७६,२२० कोटी, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. १९९८मध्ये याच ठिकाणचं बंदर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारलं होतं, २०२३मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. बंदर हवं की नको हा वाद या ब्लॉगच्या आवाक्यात नाही. पण अशा प्रकल्पांत “इथले जीव मोजले, महत्त्वाचे दुसरीकडे हलवू” हे वाक्य येतं, तेव्हा ते टाकीवाल्याचं वाक्य असतं. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी २०२०मध्ये वरळी-हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या. वसाहती जगल्या का, हे मोजता येतं आणि मोजावंच. पण त्या खडकावर पुढच्या वर्षी जे येऊन बसणार होतं, ते उचलता येत नाही.

डहाणूत समुद्राच्या जिवांसाठी चांगल्या टाक्या आहेत, त्या जखमी कासवांच्या उपचार केंद्रात. पावसाळ्यात वाहून आलेली कासवं तिथे बरी होतात आणि परत समुद्रात जातात. तिथलं यश टाकीत किती राहिली यावर मोजत नाहीत, किती बाहेर गेली यावर मोजतात. एडींच्या पुस्तकात हे मोजमाप मला कुठे सापडलं नाही.

मग टाकी करू की नको?

करायची तर करा, पण तीन गोष्टी पाळा. एक, सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावरून, मालवणहून, लक्षद्वीपहून तुकडाही आणायचा नाही. दुकानदाराकडे कागद मागा. कागद नसतील तर परत फिरा. दोन, टाकीतलं पाणी, दगड, शैवाल कधीही खाडीत ओतू नका. तीन, एडींचं पुस्तक घेतलंत तर प्रवाळाच्या प्रकरणाआधी खाडीच्या नमुन्यांवरचा भाग वाचा. त्यांनी वॉशिंग्टनमध्ये चेसापीक खाडीचा भरती-ओहोटीसकट नमुना उभा केला होता. गाळ, खारं-गोडं पाणी, चढउतार: हे आपल्या घराजवळचं आहे. निवट्या दिवसभर चिखलात काय करतात हे ज्याने पाहिलंय, त्याला तो भाग परका वाटणार नाही.

पुस्तकाला माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण कापला तो ‘परिसंस्था’ या शब्दासाठी. आणि पुढच्या वेळी कुठलाही सर्वेक्षण अहवाल हातात आला, की प्रजातींच्या यादीआधी तीन प्रश्न विचारा: किती चौरस मीटरमध्ये मोजलं, किती वेळा मोजलं, आणि उधाणाला मोजलं की भांगाला?