इनामगावचा प्रमुख : पुरावा किती, अनुमान किती?

इंदापूर तालुक्यातील वरकुटे असो की आणखी कुठले जुने गाव, त्याच्या जमिनीचे दोन भाग आपल्याकडे पूर्वापार मानले जातात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची, पांढरी म्हणजे वस्तीची. चुलीतली राख, शेण, पडक्या भिंतींची माती, हाडे आणि खापरे पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी साठत गेली की माती फिकट होते आणि जागा उंचावते. लिखित पुरावा नसलेल्या काळाचा इतिहास अशाच टेकाडांतून वाचावा लागतो. बारामती तालुक्यातील सोनगाव आणि शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठचे इनामगाव ही आपल्या जिल्ह्यातील ताम्रपाषाणयुगीन उदाहरणे.

इनामगावचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. म. के. ढवळीकर, ह. धी. सांकलिया आणि झेड. डी. अन्सारी यांचा त्यावरील अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तीचा काळ सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० असा ठरला. त्यासाठी थरांचा क्रम, खापरांची घडण आणि कार्बन-१४ मापन यांचा एकमेकांशी मेळ घातला गेला. कार्बन-१४ चे अर्धायुष्य सुमारे ५७३० वर्षे. पण कोळशावरून कळते ते लाकूड केव्हा वाढले हे, घर केव्हा बांधले हे नव्हे. म्हणून एकट्या मापनावर विसंबून चालत नाही. अहवालाचा हा भाग आम्हांला भक्कम वाटतो.

याच अहवालातून पुढे सर्वतोमुखी झाली ती गावच्या प्रमुखाची गोष्ट. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर सापडले, सोबत धान्याचे कोठार. अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घातलेल्या स्थितीत एका पुरुषाला पुरलेले होते. इतर प्रौढांना सामान्यतः उताणे ठेवून, घोट्याखालची पावले तोडून पुरलेले आढळते. याची पावले मात्र शाबूत होती. यावरून हा गावचा प्रमुख, आणि गावात प्रमुखाची सत्ता, असा निष्कर्ष काढला गेला.

आमचा आक्षेप निष्कर्षाला नाही, त्याच्या ठामपणाला आहे. घर मोठे होते, कोठार होते, दफन वेगळे होते, हा पुरावा. त्या माणसाला मान होता, हे बऱ्यापैकी सुरक्षित अनुमान. पण तो मान सत्तेचा, वयाचा, धार्मिक कार्याचा की आणखी कशाचा, हे हाडे सांगत नाहीत. असे दफन एखाद-दुसरेच असेल, तर त्यावर अख्खी राज्यव्यवस्था उभी करणे धाडसाचे ठरते. एन.सी.ई.आर.टी.च्या २००६ च्या सहावीच्या पुस्तकाने हीच माहिती देऊन, हा प्रमुख असेल का आणि कशावरून, असे मुलांनाच विचारले होते. ही रीत आम्हांला अधिक शास्त्रीय वाटते.

दुसरे उदाहरण शेवटच्या कालखंडाचे. इ. स. पू. १००० नंतर चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. पाऊस घटला, शेती खालावली आणि लोक पशुपालनाकडे वळले, असे स्पष्टीकरण दिले गेले. ते शक्य आहे. पण बारामती-इंदापूरच्या शिक्षकांनी मेंढरे घेऊन हंगामी स्थलांतर करणारी कुटुंबे पाहिलेली असतात. गोल झोपडी म्हणजे गरिबीच असे नाही. वर्षातले काही महिनेच राहण्याची सोय असाही तिचा अर्थ लागू शकतो. पाऊस खरोखर घटला होता का, हे झोपडीवरून नव्हे, तर परागकण, नदीचा गाळ अशा स्वतंत्र पुराव्यावरून तपासले पाहिजे.

असे आक्षेप घेता येतात ते मुळात संशोधकांनी घर, दफन, धान्य आणि हाडे यांच्या तपशीलवार नोंदी छापल्या म्हणूनच. चांगल्या संशोधनाची ही मोठी खूण आहे. आपल्या वर्गात मात्र तपशील गळतो आणि ‘इनामगावात प्रमुख होता’ एवढे एक वाक्य पाठ होते.

आमची सूचना साधी आहे. फळ्यावर तीन रकाने आखावेत : काय सापडले, त्यावरून काय म्हणता येते, आणखी काय असू शकेल. मुलांना गावची पांढर दाखवावी, पण तेथे खणू देऊ नये. खापराइतकेच त्याच्या जागेला मोल असते. ते कोणत्या थरात होते हे एकदा पुसले गेले की कोणतीही प्रयोगशाळा ते परत आणू शकत नाही. भराव किंवा खत म्हणून पांढरीची माती गाडीभर उचलली जाते तेव्हा नेमके हेच घडते, हेही मुलांना तिथेच सांगावे.