एकजिनसी नादाच्या मोहापलीकडे

शांघायच्या जुन्या शहरात यूयुआन बागेजवळच्या तळ्यावर हुशिनथिंग नावाचं चहाघर आहे. ज्यांगनान भागातल्या 'रेशीम-बांबू' संगीताचे हौशी वादक तिथे टेबलाभोवती बसून वाजवत आले आहेत. दोन तारांची अर्हू, दिझी ही बासरी, छेडून वाजवायचा पिपा, ठोकून वाजवायचं यांगछिन आणि नळ्यांचा जुडगा असलेला शंग, इतकाच सरंजाम. सगळे एकच चाल वाजवतात, पण कुणाचंच वाजवणं दुसऱ्यासारखं नसतं. बासरीवाला स्वर लांबवून त्यावर मुरकी घेतो, पिपावाला तोच स्वर चार आघातांत फोडतो, अर्हूवाला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. एकानं जागा भरली की दुसरा ती मोकळी सोडतो. समोर काठी घेऊन कुणी उभं नसतं. लय सांभाळायला लाकडी पट्टी आणि लहानसा ढोल असतो, आणि तो वाजवणाराही त्याच टेबलाशी बसलेला असतो.

हाँगकाँग, सिंगापूर, तैपेई आणि बीजिंगच्या मोठ्या सभागृहांत आज जो 'पारंपरिक चिनी वाद्यवृंद' ऐकायला मिळतो, त्यात हीच वाद्यं असतात. फक्त ती वाजवणारे सत्तर-ऐंशी असतात आणि मधोमध संचालक असतो. या वृंदांकडे आज तयारीचे वादक आहेत, सरकारी पाठबळ आहे, भरलेली सभागृहं आहेत. एवढं असूनही पुष्कळ कार्यक्रमांनंतर मन अर्धवट भरतं. माझ्या मते त्याचं कारण त्या मधल्या माणसाशी निगडित आहे. या वृंदाला संचालक नेमका कशासाठी हवा, याचं उत्तर युरोपातून उसनं आणलं गेलं, आणि ते पुन्हा तपासायचं धाडस फार थोड्यांनी केलं.

हा वृंद-प्रकार मुळात पुरातन नाही. त्याचं वय जेमतेम शंभर वर्षांचं. १९२० मध्ये झंग जिनवन यांनी शांघायमध्ये दातोंग संगीतसंस्था काढली, जुनी वाद्यं पुन्हा घडवायला घेतली आणि मोठ्या समूहाचं स्वप्न पाहिलं. पिपावर एकट्यानं वाजवायची एक जुनी रचना याच वर्तुळात समूहासाठी बांधली गेली. वसंतातल्या नदीवरच्या चांदरात्रीची ती रचना आजही प्रत्येक वृंदाच्या संग्रहात आहे. बीजिंगमध्ये ल्यू थ्यानह्वा यांनी १९२७ मध्ये राष्ट्रीय संगीताच्या सुधारणेसाठी मंडळ स्थापलं आणि रस्त्यावरच्या भिक्षेकऱ्यांचं वाद्य समजल्या जाणाऱ्या अर्हूला दहा एकल रचना देऊन मैफलीत प्रतिष्ठेनं बसवलं. मग रेडिओ आला. १९३५ मध्ये नानजिंगच्या मध्यवर्ती नभोवाणी केंद्रात चिनी वाद्यांचा गट उभा राहिला. १९५३ मध्ये बीजिंगच्या नभोवाणीचा वृंद स्थापन झाला, आणि आजच्या वृंदाची मांडणी जवळपास तिथेच ठरली. डावीकडे गाओहू आणि अर्हू ही गजवाद्यं, मध्ये पिपा, ल्युछिन, र्वान, यांगछिन ही छेडून वा ठोकून वाजवायची वाद्यं, मागे बासऱ्या, शंग, सुओना, आणि त्याहून मागे ढोल-झांजा.

ही मांडणी घडवणारा माणूस म्हणजे पंग श्यूवन (१९३१–१९९६). संगीताचं रीतसर उच्च शिक्षण न घेता हा तरुण बीजिंगच्या वृंदाचा संचालक झाला आणि त्यानं एकहाती या माध्यमाचं व्याकरण लिहिलं. त्याच्या कामाबद्दल मला अपार आदर आहे. 'याओ लोकांचं नृत्य' ही पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना त्यानं चिनी वाद्यांवर अशी आणली की मूळ हीच असावी असं वाटतं. १९८४ मधल्या त्याच्या 'छिनचे मृण्मय योद्धे' या रचनेत आधी सैन्याची पावलं येतात आणि मग त्याच सैनिकांची घरची ओढ येते. तो बदल त्यानं वाद्यांच्या पोतातून साधला आहे, नुसत्या आवाजाच्या चढ-उतारातून नव्हे. पण याच माणसानं मुसॉर्गस्कीची 'चित्रप्रदर्शनातली चित्रं' चिनी वाद्यांवर उतरवली, आणि पुढच्या पिढ्यांनी नेमका तोच धडा जास्त गिरवला. आमची वाद्यंही सिम्फनी वाजवू शकतात, हे सिद्ध करण्यात कित्येक वर्षं गेली.

या सिद्धतेची किंमत वाद्यांनी मोजली. रेशीम-बांबू समूहात खर्जाचं वाद्य असं नव्हतंच. चालीचे अनेक धागे वरच्या आणि मधल्या पट्टीत एकमेकांत गुंफले जात. स्वरसंवादाच्या पद्धतीला मात्र खाली पाया लागतो. तो मिळावा म्हणून १९५० च्या दशकात गेहू हे मोठं गजवाद्य बनवलं गेलं, शंगाचे मध्यम आणि मंद्र प्रकार घडवले गेले. ते पुरेना तेव्हा बहुतेक वृंदांनी सरळ चेलो आणि डबल बास आणून बसवले. अर्हूच्या रेशमी तारा गेल्या, पोलादी आल्या. आवाज लांब पोचू लागला, पण त्यातला खरखरीत श्वास कमी झाला. पिपाचे पडदे सप्तकाच्या बारा समान भागांनुसार पुन्हा लावले गेले. गंमत अशी की या समान भागांचं अचूक गणित मिंग राजघराण्यातल्या झू झायू यांनी १५८४ मध्येच मांडलं होतं. प्रत्यक्ष वाद्यांना त्याची गरज पुढची साडेतीनशे वर्षं भासली नाही. पेटीचे ठरीव स्वर रागसंगीताला चालतात का, यावरून आपल्याकडे झालेला वाद ज्यांना आठवतो, त्यांना इथलं दुखणं चटकन कळेल.

आणि एवढं करूनही ही वाद्यं एकमेकांत मिसळत नाहीत. दिझीच्या एका भोकावर बोरूच्या आतल्या सालीचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. त्यामुळे तिचा स्वर थरथरत, चमकत बाहेर पडतो आणि आपल्या बासरीसारखा मऊ राहत नाही. सुओना ही तर आपल्या सनईचीच नातलग. पश्चिम आणि मध्य आशियातून चीनमध्ये गेलेली, तिकडेही लग्नात आणि मिरवणुकीत उघड्यावर वाजणारी. तिला बंद सभागृहात पन्नास जणांच्या सुरात विरघळायला सांगणं म्हणजे तिच्या स्वभावाशी भांडणं. युरोपातल्या व्हायोलिनांचा ताफा घडताना शेजाऱ्याशी एकरूप होणं हा गुण मानला गेला. चिनी वाद्य शेजाऱ्याहून वेगळं ऐकू यावं म्हणून घडलं. तेव्हा एकजिनसी नाद मिळवण्यासाठी झटणारा संचालक या वृंदाच्या मुळाशीच झुंजत असतो.

आबिंगच्या संगीताचं काय झालं ते पाहावं. वूशी शहरातला हा अंध वादक रस्त्यांवर वाजवून जगला. १९५० च्या उन्हाळ्यात यांग यिनल्यू आणि त्साओ आनहे या संशोधकांनी तारेवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्रावर त्याच्या सहा रचना टिपल्या, तीन अर्हूवर आणि तीन पिपावर. त्याच वर्षाअखेर तो गेला. 'दुसऱ्या झऱ्यातलं चंद्रबिंब' ही त्यातली रचना आज चीनबाहेरही ठाऊक आहे. पुढे तिची मोठमोठ्या समूहांसाठी रूपांतरं झाली, आणि ती ऐकायला सुंदर आहेत. मात्र मूळ ध्वनिमुद्रणात गजाचा दाब मध्येच वाढतो, सूर अडखळून पुढे सरकतो, एकच ओळ परत येताना थोडी अधिक थकलेली येते. वीस अर्हूंनी हे एकत्र करायचं तर त्या थकव्यालाही मात्रा मोजून द्याव्या लागतात, आणि मोजला गेला की तो थकवा उरत नाही.

या पार्श्वभूमीवर हाँगकाँगचा वृंद मला सर्वांत विचारी वाटतो. १९७७ मध्ये स्थापन झालेला हा वृंद १९९७ पासून यान ह्वेइछांग यांच्या हाती आहे. ते मूळचे शान्शी प्रांतातले, शांघायच्या संगीत विद्यालयात शिकलेले, आणि हाँगकाँगला येण्याआधी बीजिंगच्या केंद्रीय वृंदाचे संचालक राहिलेले. त्यांच्या हातवाऱ्यांत दिखावा कमी असतो. मला त्यांचं मोठं काम नादाच्या पातळीवरचं वाटतं. अर्हूच्या कुळातल्या वाद्यांना अजगराचं कातडं लागतं. हवेतल्या दमटपणानं ते सैलावतं किंवा ताणलं जातं, शिवाय अजगरांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. या वृंदाचे वाद्यसंशोधक युएन शी-चुन यांनी कातड्याऐवजी पॉलिएस्टरचा पडदा वापरून गाओहूपासून खर्जाच्या गेहूपर्यंत सगळं कुटुंब नव्यानं घडवलं. चेलो आणि डबल बास यांची गरज संपली. कातड्याचा किंचित घोगरा, मानवी आवाज या वाद्यांत पूर्णपणे उतरत नाही, ही तक्रार मला खरी वाटते. तरीही निर्णय योग्य होता, कारण पहिल्यांदाच खर्जापासून तारापर्यंत एकाच कुळाचा आवाज वृंदाला मिळाला. पाया उसना नसला की वरच्या वाद्यांना मोकळं सोडता येतं.

मोकळं सोडण्याचा धडा हाँगकाँगनं आधीही दिला होता. मकाऊत जन्मलेले संगीतकार डोमिंग लाम यांनी १९७८ मध्ये 'शरदातला देहदंड' आणि १९७९ मध्ये 'कीटकांचं जग' या रचना लिहिल्या. दुसरी वरवर पाहता मुलांसाठीची. पण या वृंदाचा स्वभाव तिच्याइतका कुणी ओळखलेला नाही. प्रत्येक वाद्याची किरकिर, गुणगुण, खडखड तिथे दोष न राहता सामग्री होते. चिनी वृंद सिम्फनीपेक्षा कमी आहे की बरोबरीचा, हा प्रश्नच ती ऐकताना पडत नाही. उलट ल्यू वनजिन यांची १९८२ ची 'महाभिंत' ही अर्हू-रचना घ्या. मिन ह्वेइफन यांच्या वादनानं ती अजरामर झाली आणि तिची भव्यता नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्यातला वृंद बहुतांश वेळ एकल वादकामागे पडद्यासारखा उभा असतो. ती मिन ह्वेइफन यांच्यासाठी ऐकावी.

सिंगापूरचा वृंद १९९६ चा. २००२ पासून दोन दशकं त्याचे संगीत-दिग्दर्शक राहिलेले त्सुंग ये पाश्चात्त्य सिम्फनीच्या जगातून आले होते, आणि ती शिस्त त्यांच्या वृंदात स्वच्छ ऐकू येते. त्यांनी मलय आणि भारतीय संगीताशी नातं जोडणाऱ्या 'नानयांग' शैलीच्या रचनांना प्रोत्साहन दिलं. कल्पना भूमीला धरून आहे, पण त्यातल्या अनेक रचनांत दुसऱ्याचं संगीत चवीपुरतं शिंपडलेलं वाटतं. तबल्याचा ठेका येतो आणि तालाचा विचार येत नाही. तैपेईच्या वृंदात २००७ नंतर तालवादक-संगीतकार चुंग याओ-क्वांग यांच्या काळात तालवाद्यांना वजन आलं, हे चांगलं झालं.

मुख्य भूमी चीनमधलं चित्र मला अधिक अस्वस्थ करतं. १९९८ मध्ये एका चिनी वृंदानं व्हिएन्नाच्या सुवर्ण सभागृहात वसंतोत्सवाची मैफल केली. ती आठवण अभिमानाची होती. पण त्यानंतर अनेक चिनी कलापथकं तेच सभागृह भाड्यानं घेऊन बहुतांशी फुकट तिकिटांवर मैफली करू लागली, आणि खुद्द चीनमध्ये त्यावर टीका झाली. हजारो वादक मैदानात बसवून केलेले विक्रम हेही त्याच मोहाचं रूप, आणि त्यातून हाँगकाँग-सिंगापूरही सुटले नाहीत. हजार अर्हूंतून एकाही अर्हूचा स्वभाव कानी पडत नाही. मोठं दिसण्याची ही ओढ म्हणजे मूळच्या न्यूनगंडाची पुढची पायरी आहे, असं मी ठामपणे म्हणेन. दुसरीकडे सूचौसारख्या शहरात २०१७ मध्ये नवा वृंद उभा राहिला. सूचौ म्हणजे रेशीम-बांबू संगीताचा आणि खुनछू नाटकाचा प्रदेश. तिथल्या वृंदानं आपल्या गल्लीतलं संगीत ऐकून रचना करवून घेतल्या, तर बीजिंगच्या जुन्या वृंदांना जे जमलं नाही ते त्याला जमू शकेल.

संचालकाची कल्पना बाहेरूनच आणावी लागली असती, असंही नाही. बीजिंग ऑपेरात सगळ्या वाद्यांना चालवतो तो लहानशा ढोलावर बसलेला वादक. त्याच्या काठ्यांच्या खुणेवर झांजा पडतात, नटाचं पाऊल उचललं जातं, गाणं सुरू होतं. छ्वानचौ शहरातल्या नानयिन संगीतात लाकडी चिपळ्या धरणारी व्यक्ती मध्यभागी बसते आणि तिच्या ठोक्याभोवती बाकीचे आपापली वाट काढतात. दोन्हीकडे चालवणारा स्वतः वाजवणाऱ्यांपैकी एक आहे, वृंदाकडे तोंड करून उभा असलेला परीक्षक नाही. त्याचं लक्ष सुरुवात, ओघ आणि वळण यांवर असतं; प्रत्येक स्वर कसा वाजावा हे तो वाजवणाऱ्यावर सोपवतो.

हे मोठ्या वृंदात आणायचं तर संगीतकारांना सुरावटीचा नुसता सांगाडा देऊन काही जागा वादकांवर सोडाव्या लागतील, आणि तालमींचा बराच वेळ वादकांनी एकमेकांना ऐकण्यात घालवावा लागेल. ऐंशी जणांना एकाच वेळी जमणार नाही. आठ-दहांच्या गटांना जमेल, आणि तेवढा वेळ संचालकानं हात खाली ठेवावा. यान यांच्या पुढाकारानं हाँगकाँगच्या वृंदानं २०११ मध्ये चिनी संगीताच्या संचालकांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. हातात काठी घेऊन ऐंशी जणांना सावरणारे तरुण तिथून पुढे येतात, त्याचं स्वागतच आहे. पण या स्पर्धेच्या एका फेरीत स्पर्धकांना काठी बाजूला ठेवून, पाच रेशीम-बांबू वादकांमध्ये लाकडी पट्टी आणि ढोल घेऊन बसायला लावावं आणि त्या पाचांचे पाच वेगळे आवाज शेवटपर्यंत वेगळे राहतात का, यावर गुण द्यावेत.