‘चांगला स्रोत’ म्हणजे नेमका किती?

पेपर वाचताना सगळ्यात जास्त संशय कोणत्या शब्दाचा घ्यावा? मी म्हणेन, ‘चांगला’ या शब्दाचा.

आज एकच पेपर घेऊ. 2000 साली ‘न्यूट्रिशन अँड कॅन्सर’ या नियतकालिकात अवाद आणि सहकाऱ्यांनी शेंगदाण्यातल्या बीटा-सिटोस्टेरॉलवर लिहिलं. हा वनस्पतींमधला एक प्रमुख स्टेरॉल. त्याची रचना कोलेस्टेरॉलसारखीच असते. म्हणून आतड्यात तो कोलेस्टेरॉलची जागा अडवतो आणि कोलेस्टेरॉल कमी शोषलं जातं. तो स्वतः रक्तात फारच थोडा जातो.

त्यांचे आकडे असे: 100 ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यात वाणानुसार 61 ते 114 मिलिग्रॅम स्टेरॉल, रिफाइन न केलेल्या तेलात 207. रिफाइन करताना, विशेषतः तेलाचा वास काढताना, प्रमाण घटतं. निष्कर्ष काय, तर शेंगदाणे ‘चांगला स्रोत’ आहेत.

आधी आकडे तपासू. शेंगदाण्यात साधारण निम्मं तेल. 207 चं निम्मं 103, म्हणजे 61 ते 114 च्या आत बसतं. मोजमापाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दोन गोष्टींची आहे.

पहिली, शीर्षकात ‘कर्करोगविरोधी गुणधर्म’ आहेत, पण मोजलंय फक्त शेंगदाणे, तेल, पीनट बटर आणि पिठातलं प्रमाण. ते खाऊन कुणाला काय झालं, हे या पेपरमध्ये तपासलेलंच नाही. दुसरी, ‘चांगला’ म्हणजे किती खाल्ल्यावर?

हा दुसरा प्रश्न मला आटपाडीत पडला. आहाराची प्रश्नावली घेऊन मी आत्याकडे गेले होते. माझ्या कागदावर ‘तेल’ असा एकच रकाना. आत्या म्हणाली, “कंचं तेल? फोडणीचं का भाकरीसंगं चटणीवर घ्यायचं?” फोडणीला रिफाइन्ड, चटणीवर घाण्याचं. शिवाय कालवणात कूट, ते मी विचारलंच नव्हतं. प्रश्नावली तिथेच फसली. मग हळूच म्हणाली, “घाण्याचं तेल चालू केलंय, मग ती कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?” आठ दिवस तिने गोळी घेतलीच नव्हती. कुणीतरी फोनवर पाठवलं होतं, की घाण्याच्या तेलात ‘नैसर्गिक स्टेरॉल’ असतात.

वाक्य खोटं नव्हतं. म्हणून तर घोटाळा.

तिथेच बसून हिशेब केला. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, साधारण 8 ते 10 टक्के उतरतं ते रोज सुमारे 2 ग्रॅम स्टेरॉल घेतल्यावर, तेही बहुतेक मुद्दाम स्टेरॉल घातलेल्या पदार्थांतून. सगळं तेल घाण्याचं धरलं तरी 30 ग्रॅममधून 62 मिलिग्रॅम. वर 25 ग्रॅम कूट, त्यातून फार तर 28. झाले 90. नुसत्या तेलातून 2 ग्रॅम हवे असतील तर रोज जवळजवळ एक किलो तेल प्यावं लागेल! आत्या हसली, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेली. गोळी परत सुरू झाली.

मग घाण्याचं तेल वाया गेलं का? नाही. ज्वारी, गहू, डाळी, तेल मिळून नेहमीच्या आहारात साधारण 150 ते 450 मिलिग्रॅम जमतात. धान्यात प्रमाण कमी, पण भाकरी आपण पोटभर खातो. म्हणून ‘कशात जास्त’ आणि ‘कशातून जास्त मिळतं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

सातारा-सांगलीत आहारावर काम करणार असाल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते जरूर वापरा. 528 पदार्थ आहेत, स्टेरॉलही आहेत. पण ते कच्च्या पदार्थांचे आहेत. माणमधली भाकरी आणि कृष्णाकाठची चपाती त्यात आयती मिळणार नाही. फोडणीचं तेल, वरचं तेल आणि कूट यांना वेगवेगळे रकाने द्या.

आणि पेपरमध्ये ‘चांगला स्रोत’ दिसला, की समास सोडून लिहा: किती ग्रॅम?