युरोपीय भाषा-सनद : ‘भाषा’ या संज्ञेची चिकित्सा

प्रादेशिक अथवा अल्पसंख्याक भाषांची युरोपीय सनद ही युरोप परिषदेच्या कार्यातील एक लक्षणीय कृती होय. लंडन येथे ५ मे १९४९ रोजी झालेल्या करारान्वये दहा राष्ट्रांनी स्थापिलेली ही परिषद युरोपीय संघाहून सर्वस्वी भिन्न आहे; २०२२ साली रशियाला वगळण्यात आल्यावर तिची सदस्यसंख्या ४६ झाली. सांस्कृतिक वैविध्य आणि संस्कृतींचा परस्परसंवाद यांची तात्त्विक मांडणी तिने २००८ च्या श्वेतपत्रिकेत केली. परंतु भाषेच्या क्षेत्रात त्या तत्त्वांना कायद्याचे रूप या सनदेने आधीच दिले होते. सनद ५ नोव्हेंबर १९९२ रोजी स्वाक्षरीसाठी खुली झाली आणि १ मार्च १९९८ पासून अमलात आली. तिच्या राजकीय यशापयशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ती ज्या संज्ञेवर उभी आहे त्या संज्ञेची चिकित्सा मात्र भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने करणे अगत्याचे आहे.

सनदेची रचना व्यवहार्य आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. दुसऱ्या भागातील सर्वसाधारण तत्त्वे तिच्या कक्षेत येणाऱ्या सर्व भाषांना लागू होतात. तिसऱ्या भागात शिक्षण, न्यायदान, प्रशासन, प्रसारमाध्यमे, सांस्कृतिक जीवन इत्यादींसंबंधीच्या तरतुदी असून, त्यांतील किमान ३५ तरतुदी प्रत्येक राष्ट्राने आपण निवडलेल्या भाषांकरिता स्वीकारावयाच्या असतात. भाषेची स्थिती पाहून संरक्षणाचे प्रमाण ठरविण्याची ही पद्धती निःसंशय शहाणपणाची आहे.

दोष आहे तो पहिल्या कलमातील व्याख्येत. राज्याच्या विशिष्ट प्रदेशात, उर्वरित लोकसंख्येहून संख्येने अल्प अशा त्याच राज्याच्या नागरिकांकडून परंपरेने वापरली जाणारी आणि अधिकृत भाषेहून भिन्न असलेली भाषा, ती ‘प्रादेशिक अथवा अल्पसंख्याक भाषा’. अधिकृत भाषेच्या बोली आणि स्थलांतरितांच्या भाषा या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत.

यांपैकी पहिल्या वर्जनाचा विचार करू. भाषा कोणती आणि बोली कोणती, याचा निकष सनद देत नाही. तो निर्णय त्या त्या राज्यावर सोपविल्याचे तिच्या स्पष्टीकरणात्मक अहवालात नमूद आहे. परिणाम असा, की जर्मनीने लो जर्मनला प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता दिली, तर पोलंडने काशुबियनला ते स्थान देऊन सिलेशियनला नाकारले. पोलंडच्या २०११ च्या जनगणनेत घरी सिलेशियन वापरणारे सुमारे ५ लाख २९ हजार, तर काशुबियन वापरणारे सुमारे १ लाख ८ हजार लोक नोंदले गेले होते. सिलेशियनला प्रादेशिक भाषेचा दर्जा देणारे विधेयक २०२४ साली संसदेने संमत केले. राष्ट्राध्यक्षांनी ते नाकारले.

येथे हाइन्त्स क्लोस याने १९५२ साली मांडलेला भेद उपयोगी पडतो. काही भाषा रचनेतील अंतरामुळेच स्वतंत्र ठरतात. इतर काही शाळा, ग्रंथ, प्रशासन यांतील जाणीवपूर्वक विकासामुळे स्वतंत्र होतात. आता सनदेचा तिसरा भाग जी साधने पुरवितो ती नेमकी या दुसऱ्या प्रकारच्या विकासाचीच होत. म्हणजे जी वाणी ‘बोली’ म्हणून दाराबाहेर ठेवली जाते, तिला भाषा होण्याची साधनेही त्याच कारणास्तव नाकारली जातात. हे चक्र व्याख्येतूनच निर्माण झाले आहे.

दुसरे वर्जन अधिक गंभीर विसंगती उघड करते. सनद भाषांचे रक्षण करते, भाषिक समूहांना हक्क देत नाही, अशी तिची भूमिका आहे. परंतु व्याख्येत भाषेची ओळख तिच्या भाषकांचे नागरिकत्व, त्यांची संख्या आणि त्यांचे मूळ यांवरूनच पटविली जाते. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. तेथील मराठी भाषकांतील अनेकजण पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश नागरिक आहेत. तरीही त्यांची मराठी या व्याख्येत बसत नाही. उलट, जन्मभाषा म्हणून लोप पावून विसाव्या शतकात पुनरुज्जीवित झालेली कॉर्निश बसते. कॉर्निशला मिळालेले संरक्षण योग्यच आहे. पण परंपरा किती काळाची आणि किती अखंड असावी, याविषयी सनदेचे मौन त्यामुळे अधिकच जाणवते.

या वर्जनांमागे मुत्सद्देगिरी आहे, असे समर्थन केले जाईल. आणि त्यात तथ्यही आहे. फ्रान्सने मे १९९९ मध्ये स्वाक्षरी केली. पण पुढच्याच महिन्यात तेथील घटनापरिषदेने सनदेतील काही तरतुदी राज्यघटनेशी विसंगत ठरविल्या, आणि २०१५ साली सिनेटनेही अनुसमर्थनाचा मार्ग अडविला. व्याख्या याहून व्यापक असती तर आणखी राष्ट्रे दूर राहिली असती. तथापि राजकीय तडजोड ही शास्त्रीय व्याख्या म्हणून स्वीकारता येत नाही. सनदेच्या अंमलबजावणीचे परीक्षण करणारी तज्ज्ञसमिती अस्तित्वात आहेच. एखाद्या वाणीला बोली ठरविताना राज्याने आपली कारणे तिच्यापुढे मांडावीत आणि ती कारणे भाषाशास्त्रीय पुराव्यावर तपासली जावीत, एवढी अपेक्षा करणे अवाजवी नाही. तसे झाल्यास अंतिम निर्णय राज्याकडेच राहील. मात्र तो निर्णय राजकीय आहे की भाषिक, हे तरी त्या भाषकांना कळेल.